डोंगरही गंजतो

पावसाळ्यात पोलादपूरहून महाडकडं येणारी कुठलीही गाडी थांबवा, मडगार्डच्या आत हात घाला आणि बोटांना लागलेला चिखल उजेडात धरून बघा. तो लाल असतो. कोकणातल्या माणसाला त्याचं नवल वाटत नाही, इथली मातीच लाल. पण हा लाल रंग कशाचा? लोखंडाच्या ऑक्साइडचा. सरळ सांगायचं तर गंजाचा. ज्या पत्र्याला तो चिखल चिकटलाय तो पत्रा हळूहळू जे होत चाललाय, ते त्या चिखलातल्या लोहाचं केव्हाच होऊन गेलंय.

सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून घडला. त्याच्या वजनात दहा टक्क्यांहून जास्त वाटा लोहाच्या ऑक्साइडांचा आहे. लाव्हा थिजला तेव्हा त्यातल्या बऱ्याचशा लोहाची ऑक्सिजनची भूक पुरती भागलेली नव्हती. नंतर लाखो वर्षं पाऊस पडत राहिला. पाण्यानं दगडातली सिलिका, कॅल्शियम, सोडियम विरघळवून नेलं आणि मागं उरलं ते लोह आणि ॲल्युमिनियम, आता पोटभर ऑक्सिजन घेतलेलं. तोच आपला जांभा. महाबळेश्वर-पाचगणीची पठारं याच जांभ्यानं झाकलेली आहेत. सावित्री तिथं उगम पावते, पोलादपूर-महाडवरून वाहत बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते, आणि वाटेत डोंगराचा गंज वाहून आणते. पत्र्याला दहा-वीस वर्षं लागतात, डोंगराला लाखो. रसायन एकच.

डोंगराच्या या झिजेची भयंकर बाजू महाड तालुक्यानं पाहिली आहे. २२ जुलै २०२१ ला तळीये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच वेळी वर महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस मोजला गेला. अभंग बेसॉल्टचा कडा अशा पावसालाही पुरून उरतो. सुटतो तो त्याच्यावरचा झिजून माती झालेला थर. मातीच्या कणांमधल्या फटींत पाणी भरलं की त्या पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून उचलून धरतो आणि ज्या घर्षणाच्या आधारावर उतार उभा असतो ते घर्षणच ओसरतं. पाणी, लोह आणि घर्षण. या मुलखात डोंगराचं भवितव्य या तिघांच्या हाती आहे. इथल्या ओल्या हवेत, इथल्या घाटांत चालणाऱ्या जुन्या गाडीचंही तसंच आहे, आणि ती गाडी ठेंगणी, हलकी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार असेल तर जरा जास्तच.

आपल्याकडं स्पोर्ट्स कार म्हटलं की परदेशी नावं तोंडावर येतात. पण १९९०च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या सॅन मोटर्सनं ‘स्टॉर्म’ नावाची छोटी दोन आसनी गाडी काढली होती. छप्पर उघडणारं, अंग फायबरग्लासचं, आणि इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं. युरोपात हेच इंजिन ट्विंगो आणि क्लिओ या अगदी घरगुती गाड्यांत बसत होतं. अश्वशक्ती साठच्या आसपास, म्हणजे आजच्या साध्या हॅचबॅकपेक्षाही कमी. तरी ती स्पोर्ट्स कार, कारण वजन कमी, बसणं जमिनीलगत, आणि वळणावर स्टीअरिंग हाताशी थेट बोलणार. अशा गाड्या रस्त्यावर फार थोड्या आल्या. जी उरली असेल तिला आता बरीच वर्षं झाली असणार. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात नेऊन सोडायची सोय तिला नाही. शनिवार-रविवारी मालकानंच पाने, जॅक, स्टँड, जुनी चादर घेऊन तिच्याखाली शिरायचं. या कामाला मी आगोटीचं काम म्हणेन. कोकणात पाऊस लागायच्या आधी कौलं चाळतात, लाकूडफाटा भरतात, त्याच यादीत हिचंही नाव लिहावं.

फायबरग्लास गंजत नाही, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की प्रश्न मिटला. मिटत नाही. आतला सांगाडा पोलादी आहे, सस्पेन्शन पोलादी आहे, बिजागऱ्या आणि बोल्ट पोलादी आहेत. शिवाय फायबरचं गुळगुळीत अंग खालचा गंज फार सज्जनपणे झाकून ठेवतं. पत्र्याची गाडी निदान रंगाला फुगे आणून सावध तरी करते. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो, म्हणून तो रंग उचलतो, जोड फाकवतो, नटाला बोल्टवर कायमचा आवळून टाकतो. स्टॉर्मसारख्या गाडीत ही सूचना बाहेर दिसत नाही. खाली जाऊन, बॅटरी लावून, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत ठोकतच ती ऐकावी लागते. धड पोलाद खणखणतं, पोकळ झालेलं बद्द वाजतं.

गंज नेमका कुठं धरतो, ही मला या सगळ्या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात स्वच्छ लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. त्यात दोन रसायनं घातलेली होती. लोखंड विरघळू लागलं की एक निळं होतं, आणि जिथं ऑक्सिजन खर्ची पडतो तिथं दुसरं गुलाबी. कुणालाही वाटेल की हवा जिथं जास्त लागते तिथं, म्हणजे थेंबाच्या काठावर, लोखंड खाल्लं जाईल. झालं उलटं. काठ गुलाबी झाला आणि मधोमध निळा ठिपका उमटला. ऑक्सिजन काठाशी खर्च होत होता आणि लोखंड विरघळत होतं थेंबाच्या मध्यात, जिथं ऑक्सिजन पोचायला सगळ्यांत कठीण. एवढ्याशा थेंबात विजेचा आख्खा घट तयार झाला होता. मधल्या लोखंडातून सुटलेले इलेक्ट्रॉन धातूतून काठाकडं जातात, तिथला ऑक्सिजन ते घेतो, आणि दोन्हीकडचे पदार्थ वाटेत भेटतात तिथं गंज बसतो. म्हणजे गंज दिसतो एका जागी आणि खड्डा पडतो दुसऱ्या जागी.

आता मडगार्डच्या आतला तो लाल चिखल पुन्हा बघा. वरून सुकलेला, आतून चार दिवस ओला. त्याच्या खाली हवा पोचत नाही, बाजूच्या उघड्या पत्र्याला मात्र भरपूर मिळते. इव्हान्स यांचा थेंबच तिथं वीतभर पसरलेला असतो आणि चिखलाखालचं पोलाद विरघळत असतं. म्हणून पावसाळ्यात बॉनेट चमकवत बसण्यापेक्षा पाइप घेऊन चाकांच्या वरची पोकळी, चासीचे कोपरे आणि दरवाज्यांच्या तळाची पाणी निघायची भोकं धुऊन काढणं शंभर पटींनी मोलाचं. जमिनीलगत बसणारी गाडी खालून जास्त चिखल घेते. उघडणाऱ्या छपराच्या गाडीत तर पाणी आतूनही येतं, आणि ही भोकं पानांनी किंवा मातीनं बुजली की ते पायाखालच्या कार्पेटमध्ये मुरून बसतं.

गंज खरवडून झाला की आपण काय लावतो? रेड ऑक्साइड. लोखंडी गेटला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला, एसटी स्टँडच्या खांबांना लावतात तोच विटकरी रंग. त्यातला रंगद्रव्याचा कण म्हणजे लोहाचं ऑक्साइडच. गंज थांबवायला आपण गंजाचाच सख्खा भाऊ फासतो! यात विसंगती काहीच नाही. गाडीवरचा गंज पाणी धरलेला, भुसभुशीत, हवेला आणि ओलीला आत वाट देणारा. डब्यातलं रेड ऑक्साइड आणखी ऑक्सिजन घेऊच शकत नाही, त्यामुळं ते स्थिर असतं, आणि तेला-रेझिनमध्ये घट्ट बसवलेलं असल्यानं पाण्याला अडवतं.

जिथं पॉलिश पेपर पोचत नाही तिथं गंजावर लावायचं एक द्रावण बाजारात मिळतं. लावल्यावर तांबडा गंज बघता बघता निळसर काळा होतो. अशा बऱ्याच द्रावणांत टॅनिक आम्ल असतं. ते गंजातल्या लोहाशी संयोग पावून न विरघळणारा काळा थर बनवतं. टॅनिन आपल्याला परकं नाही. घाटमाथ्यावरच्या रानात हिरडा गोळा करतात, त्या फळात ते ठासून भरलेलं असतं. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोहाचाच एक क्षार, एकत्र आले की पक्का काळा रंग धरतो हे रंगाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गाडीखाली पाठीवर पडून त्या काळ्या होत जाणाऱ्या डागाकडं बघताना हिरड्याच्या झाडाची आठवण व्हावी, इतकं ते रसायन जवळचं आहे.

आता ब्रेककडं वळू, कारण या भागात गाडीचा खरा कस लागतो तो उतारावर. वरंध घाट उतरून महाडला या, कशेडी उतरून पोलादपूरला या, किंवा आंबेनळीनं महाबळेश्वरहून खाली या. आंबेनळीचं उदाहरण घेऊ. महाबळेश्वरपासून पोलादपूरपर्यंत साधारण चाळीस किलोमीटरमध्ये गाडी सुमारे १,३०० मीटर खाली येते. गाडी, दोन माणसं, सामान मिळून हजार किलो धरा. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आलं तर सव्वा कोटी ज्यूलहून जास्त ऊर्जा मोकळी होते. ती कुठंतरी गेलीच पाहिजे, आणि शेवटी तिची उष्णताच होते. नळाचं चाळीस लिटर पाणी, म्हणजे आंघोळीचे दोन बंब, उकळीला आणायला पुरेल एवढी. निम्मी-शिम्मी टायरांची ओढ आणि वारा खाऊन टाकतात. उरलेली इंजिन आणि ब्रेक यांच्यात वाटली जाते. आता समजा ड्रायव्हरनं गाडी न्यूट्रलला टाकली आणि ती उरलेली सगळी ऊर्जा पुढच्या दोन डिस्कांत कोंडली. दोन्हींचं वजन मिळून दहा किलो धरलं तर कागदावरचं तापमान हजार अंशांच्या पुढं जातं. प्रत्यक्षात वारा डिस्क थंड करत राहतो म्हणून तसं होत नाही, पण अंतर किती थोडं आहे ते कळतं. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, असं जुने ड्रायव्हर सांगतात. त्यामागं हा हिशेब आहे. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की हवेची वाट बंद होते, पिस्टनना निर्वाताविरुद्ध ओढ घ्यावी लागते, आणि उताराची बरीच ऊर्जा तिथं जिरून रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जाते.

या उष्णतेच्या शेजारीच ब्रेक ऑइल असतं. नाव ऑइल, पण ते तेल नाही. ग्लायकोल ईथर नावाच्या कुळातलं ते द्रव आहे आणि त्याला पाण्याची जबर ओढ असते. रबरी नळ्यांच्या भिंतींतूनही ते हवेतली वाफ शोषत राहतं. डॉट ४ प्रतीचं कोरं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की हा आकडा १५५ वर येतो. दोन पावसाळे काढलेलं ऑइल घेऊन आंबेनळी उतरलात, खालच्या वळणांवर कॅलिपरजवळचं, म्हणजे डिस्कला चिमटा घेणाऱ्या भागाजवळचं, ऑइल उकळलं, तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पायाचा सगळा जोर ते बुडबुडे चेपण्यात जातो आणि पेडल सरळ तळाला टेकतं. गाडी थोडा वेळ उभी केली की वाफ पुन्हा द्रव होते, पेडल कडक होतं, आणि मेस्त्रीला दाखवायला नेलं तर दोष सापडतच नाही.

मग पाणी पिणारं द्रव वापरायचंच कशाला, असं कुणीही विचारेल. उत्तर ऐकून मी चकित झालो होतो. पाणी न शोषणारं सिलिकॉनचं ब्रेक ऑइल असतं. पण पाणी कुठून ना कुठून शिरतंच, आणि जे मिसळत नाही ते सगळ्यांत खालच्या जागी, म्हणजे नेमकं कॅलिपरच्या तळाशी, साचतं. तिथं ते शंभर अंशांच्या आसपास उकळतं आणि एरवी त्याच जागी धातूला खातं. पाणी सगळीकडं पसरवून सौम्य करणारं द्रव म्हणून बरं. त्याची किंमत एवढीच की ते दर दोन वर्षांनी बदलायचं, आणि कोकणात ते मे महिन्यात बदलणं शहाणपणाचं.

हे काम दोघांचं. एक जण सीटवर पेडलापाशी, दुसरा चाकापाशी निपलवर पाना लावून. ‘दाब’, ‘धरून ठेव’, ‘हं, सोड’. पारदर्शक नळीतून आधी चहाच्या रंगाचं जुनं ऑइल येतं, मध्ये हवेचे मणी येतात, मग फिकट सोनेरी नवं येतं. बहुतेक गाड्यांत सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबच्या चाकानं करतात. वरच्या डबीतलं ऑइल संपू द्यायचं नाही, नाहीतर पुन्हा हवा शिरते. हे ऑइल रंग उडवतं, म्हणून बाजूला पाण्याची बादली हवीच. आणि गाडी फक्त जॅकवर उभी असताना कुणीही तिच्याखाली अंग घालू नये. आधी चारी बाजूंनी स्टँड, मग काम.

फायबरग्लासच्या गाडीत विजेचे आजारही वेगळे. पत्र्याच्या गाडीत वीज दिव्यापर्यंत वायरनं जाते आणि परत येताना गाडीच्या अंगातूनच येते. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी वायर, आणि त्या वायरी ठरावीक बोल्टांवर एकत्र बांधलेल्या. त्या सांध्यांवर ओलीनं हिरवट बुरशीसारखं काही धरलं की डावा इंडिकेटर लावल्यावर हेडलाइट लुकलुकतो. दिसायला भुताटकी, असतो नुसता मळलेला सांधा. या सांध्यात अर्धा ओहम अडथळा आला तरी हेडलाइटच्या वाटचे दोनेक व्होल्ट तिथंच गळतात, आणि साध्या तारेच्या बल्बचा उजेड त्यामुळं जवळजवळ निम्मा होतो. घाटातल्या धुक्यात हा निम्मा उजेड फार महाग पडतो. इलाज स्वस्त आहे. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, मग सांधा पॉलिश पेपरनं घासायचा, आवळायचा आणि वर व्हॅसलीन लावायचं.

महाडमध्ये गाडी ठेवणाऱ्यानं आणखी एक गोष्ट शिकून ठेवावी. शहर सावित्री आणि गांधारीच्या काठचं. त्याच २०२१च्या जुलैत बाजारपेठ बुडाली आणि दारात उभ्या असलेल्या गाड्यांवरून पाणी गेलं. पुरातून निघालेल्या गाडीची चावी फिरवून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो. फिरवू नये. इंजिनातला पिस्टन हवा दाबायला केलेला असतो, दहा भागांचा एक भाग. पाण्याचं आकारमान नुसतं एक टक्का कमी करायलाही दोनशेहून जास्त वातावरणांचा दाब लागतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल आणि पिस्टन जोरात वर आला तर पाणी हटत नाही, पिस्टनला धरणारा दांडा वाकतो. त्यामुळं आधी बॅटरी सोडवायची, मग सगळे प्लग काढायचे आणि इंजिन पान्यानं हातानं फिरवायचं. प्लगच्या भोकांतून पाण्याच्या चुळा उडतात. इंजिनच्या तळाचा बोल्ट काढला की पाणी ऑइलपेक्षा जड असल्यानं आधी पाणी येतं, मागून ऑइल. दुधाळ कॉफीसारखं ऑइल आलं तर एकदा बदलून भागत नाही. नवं भरायचं, थोडा वेळ फिरवायचं, पुन्हा काढायचं. बेअरिंग आणि फिरत्या शाफ्टमध्ये ऑइलचा जो पडदा असतो तो काही मायक्रॉन जाडीचा. सावित्रीच्या गाळाचा एक कण त्याहून मोठा असू शकतो.

रबराचा उल्लेख थोडक्यात करतो. न चालवलेल्या गाडीचंही रबर म्हातारं होतं. हवेतला ओझोन रबराच्या रेणूंची साखळी तोडतो, पण भेगा पडतात त्या ताणलेल्या रबरालाच, आणि त्या ताणाला काटकोनात पडतात. टायरच्या बगलेवर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. स्पोर्ट्स कार थोडी चालते, टायरची नक्षी तशीच राहते आणि मालक फसतो. पेट्रोलच्या जुन्या नळ्यांकडं तर आता जास्तच लक्ष हवं. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलंय, त्या काळचं बरंच रबर त्याच्यासाठी बनलेलं नव्हतं, आणि इथेनॉललाही पाण्याची ओढ आहेच.

सगळं झाल्यावर चाकं बसवायची. बोल्ट आवळणं म्हणजे त्याला ताणणं. आवळलेला बोल्ट किंचित लांबतो, आखडायला बघतो, आणि त्या आखडण्यानं चाक हबवर दाबून राहतं. गंमत अशी की आपण पान्यावर लावलेल्या जोरातला सुमारे नव्वद टक्के जोर घर्षणात जातो. निम्मा नटाच्या बुडाखाली, उरलेला बराचसा आट्यांमध्ये. ताणायला उरतात दहा टक्के. आटे गंजलेले असतील तर हे दहाचे पाच होतात. हाताला नट तेवढाच घट्ट लागतो, चाक मात्र निम्म्याच ताकदीनं धरलेलं असतं. म्हणून आटे तारेच्या ब्रशनं स्वच्छ करायचे, नट समोरासमोरच्या जोडीनं आवळायचे, शेवटचा जोर टॉर्कच्या पान्यानं गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढाच द्यायचा. मग घाटात न जाता आधी महाड-बिरवाडीच्या सपाट रस्त्यावर फेरी मारून यायची, आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाले की तेच नट, गाडी थंड असताना, पुन्हा एकदा पाना लावून तपासायचे.